शेवटच्या प्रसंगाआधीचा चहा

घर भाड्यानं देताना लोक काय काय विचारतात हे मला पाठ झालं होतं. लग्न होऊन सांगलीहून डोंबिवलीत आले, आणि आम्ही नवराबायकोनं ठाकुर्लीच्या बाजूला बरीच घरं पाहिली. नोकरी कुठे, गाव कुठलं, मांसमच्छी करता का, पाहुणे फार येतात का. या काकांनी यातलं काहीच विचारलं नाही. आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि चष्म्यावरून पाहत म्हणाले, "काउबॉयचे पिक्चर बघता का?"

माझा नवरा तत्परतेनं म्हणाला, "बघतो की!" आयुष्यात त्यानं एकही पाहिलेला नव्हता. मी आपलं खरं सांगून टाकलं. म्हटलं, घोडा मी फक्त वरातीत पाहिलाय.

"मग तुम्हाला घर दिलं," काका म्हणाले. "यांना जरा तपासून घ्यावं लागेल."

एका मजल्यावरचे समोरासमोरचे दोन्ही ब्लॉक त्यांचेच होते. एकात काका-काकू राहत, दुसरा मुलासाठी घेऊन ठेवलेला. मुलगा नेमका काउबॉयच्या देशात नोकरीला गेला होता आणि तिथून फोनवर सांगायचा, "बाबा, इथे घोडे वगैरे काही नाहीत. सगळीकडे नुसतं पार्किंग आहे." काकांना ते कधी खरं वाटलं नाही. मुलाच्या ब्लॉकात आम्ही राहायला आलो. अट एकच, रविवारी दुपारची जेवणं झाली की समोरच्या दारात हजर व्हायचं.

काका उंच, काटकुळे, कोलशेतच्या केमिकल कंपनीत निवृत्तीला आलेले. पायजमा-सदरा आणि त्यावर माथेरानला घेतलेली मळकट कॅनव्हासची टोपी घालून ते दूध आणायला निघत, तेव्हा दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरलेले असत, कमरेला पिस्तुलं लटकत असावीत तसे. काकू म्हणायच्या, "लोक मला विचारतात, यांच्या काखेत गळू झालंय का?" काकूंचं असं सगळं एका वाक्यात असे.

घोड्यांवर इतकं प्रेम करणारा हा माणूस घोड्याला मात्र प्रचंड भ्यायचा. एकदा नेरळवरून आम्ही सगळे माथेरानला गेलो. काकूंनी डिवचलं म्हणून काका एका घोड्यावर चढले. घोडा चार पावलं गेला आणि गटाराच्या कडेचं गवत खात उभा राहिला. काका त्याला हळू आवाजात इंग्रजीतून काहीबाही सांगत होते. शेवटी घोडेवाला म्हणाला, "काका, त्याला हिंदी कळतं." उतरल्यावर काका आठ दिवस वाकून चालत होते, पण टोपी काही काढली नाही.

रविवारचा पिक्चर म्हणजे एक प्रयोगच होता. आधी कॅसेट, मग सीडी, मग मुलानं पाठवलेला लॅपटॉप. त्या लोकांचं इंग्रजी आम्हाला कुणालाच धड कळत नसे. म्हणून काका आवाज बारीक करत आणि सगळी पात्रं स्वतः मराठीत बोलत. शेरीफ अस्सल सदाशिवपेठी, "आपण सूर्यास्ताच्या आत गावातून निघालात तर बरं होईल." खलनायकाला मुंबईचं हिंदी. बायकांचे संवाद काकूंनी म्हणावेत अशी त्यांची फार इच्छा होती. काकू ताटात तांदूळ निवडत बसायच्या आणि मान वर न करता विचारायच्या, "मेला का तो?"

या पिक्चरांचे त्यांनी प्रकार पाडले होते. पहिले ते धुतलेले. "बघा," ते म्हणत, "दिवसभर धुळीतून घोडा फेकत आला, पण शर्टाची इस्त्री मोडली नाही. गोळी लागली तरी रक्ताचा थेंब नाही. चांगला तो चांगला, वाईट तो वाईट. तेव्हा जगच तसं होतं, किंवा आम्हाला तसं सांगितलेलं होतं." तरुणपणी फोर्टातल्या थिएटरात सकाळच्या खेळाला जाऊन त्यांनी असले ढिगानं पाहिले होते.

मग आले मळलेले. इटलीच्या लोकांनी स्पेनच्या माळावर जाऊन काढलेले. यात नायकाची दाढी वाढलेली, तोंडावर माश्या बसलेल्या, आणि चांगला कोण ते शेवटपर्यंत कळायचं नाही, कारण चांगला कुणी नसायचाच. नुसते डोळे दिसत राहायचे. कुणी बराच वेळ बोलायचं नाही. काकूंना हेच आवडायचे, शांततेत तांदूळ चांगले निवडून व्हायचे.

त्यानंतरचे दमलेले. नायक म्हातारा झालाय, गुडघे दुखतात, गावात रेल्वे आलीय, मोटार आलीय आणि याला आता कुणी विचारत नाही. काका निवृत्त झाले तेव्हा महिनोन् महिने आम्ही हेच पाहत होतो. काका मध्येच थांबून आपलाच गुडघा चोळायचे.

हीच मोजपट्टी ते बिल्डिंगला लावत. तिसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरी मळलेले. बँकेतून निवृत्त झालेले खालचे गृहस्थ दमलेले. मला म्हणाले, "तुम्ही धुतलेल्या आहात अजून. थांबा, डोंबिवलीत पाणीकपातीचे दोन उन्हाळे काढा." ते खरं ठरलं. टँकरच्या रांगेत एका बाईची बादली मी ज्या पद्धतीनं मागे सारली, ते गॅलरीतून पाहून काकांनी मला वरूनच टोपी काढून सलाम ठोकला.

पण त्यांची खरी तऱ्हा पिक्चरच्या शेवटी दिसायची. गोळीबार संपला, दुष्ट मेले, गाव सुटलं, आता नायक घोड्यावर बसून डोंगराकडे निघणार, की काका ताडकन उठून स्वयंपाकघरात चहा टाकायला जायचे. एरवी या माणसानं गॅस पेटवला नसेल. सुरुवातीला मला वाटलं, डोळे पुसायला जात असतील. एकदा विचारलं, तर भडकलेच.

"मूर्ख आहे तो! गाव वाचवलंस ना? मग राहा की तिथं! उद्यापासून ते गाव चालवायचं कुणी? गटार कोण साफ करून घेणार? दोन माणसं भांडली तर मिटवणार कोण? गोळ्या झाडायला काय अक्कल लागते! वाचवायचं आणि पळून जायचं. एक वर्ष आमच्या सोसायटीचा खजिनदार होऊन दाखव म्हणावं, मग तुझ्या शौर्याचं बघू."

"जातो कुठे पण तो?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"कुठे जाईल? पुढच्या गावात भाडेकरू!" काका म्हणाले, आणि मग आमच्याकडे पाहून जरा ओशाळले.

आमच्या बिल्डिंगच्या फाटकाशी एक दगडी ओटा होता आणि त्यावर हिराबाय बसायची. मागच्या गावठाणातली आगरी बाई, काकांपेक्षा थोडी लहान. अळू, माठ, वालाच्या शेंगा, पावसाळ्याच्या तोंडावर शेवळं. शेवळं कशी करायची हे मला तिनंच शिकवलं, नाहीतर मी घरादाराचे घसे खाजवले असते. काकांना ती 'भाऊ' म्हणायची.

एका रविवारी काकूंनी सांगितलेली भाजी द्यायला ती वर आली आणि दारातच उभी राहून पिक्चर पाहू लागली. धुतलेल्यांपैकी एक लागला होता. गोऱ्या लोकांच्या छपराच्या गाड्या गोल करून उभ्या आणि भोवती घोड्यांवरून पिसंवाले रेड इंडियन ओरडत फिरतायत, गोळ्या लागून पडतायत. एकेक पडला की काका टाळी वाजवत.

"भाऊ, ही घोऱ्यावरची मानसं कोन?" हिराबायनं विचारलं.

"ते तिथले. मूळचे."

"आन गारीतली?"

"ती लांबून आलेली. वस्ती करायला."

"मंग गाव कोनाचा?"

काकांनी चष्मा वर सारला. "तसं म्हटलं तर घोड्यावरच्यांचा."

"मंग ती मरतान तवा तुमी टाल्या कशाला वाजवता?" तिनं अगदी साधेपणानं विचारलं, भाजीची पिशवी काकूंच्या हातात दिली आणि जिना उतरून गेली.

काकांनी पिक्चर बंद केला. त्या दिवशी चहासुद्धा झाला नाही. पुढच्या रविवारी त्यांनी दार उघडलं नाही, आणि त्याच्या पुढच्या रविवारी तोच पिक्चर पुन्हा लावला. यावेळी घोड्यावरच्या लोकांनाही संवाद होते. आजवर ते नुसते ओरडायचे, काकांनी त्यांना कधी तोंडच दिलं नव्हतं. आता त्यांचा सरदार गाड्यांसमोर घोडा उभा करून काकांच्या आवाजात म्हणाला, "आमचे रानान तुमी आलाव. बैलं बांदा, पानी प्या. पन कुंपन नाय घालाचा!" काकांची आगरी भयंकर होती. आम्ही हसून हसून लोळलो. काकू हसल्या नाहीत. तांदळाचं ताट बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "विहिरीचं सांगा यांना."

मग काकांनी सांगितलं. फाटकाजवळचा तो ओटा म्हणजे एका विहिरीचा काठ होता. हे सगळं हिराबायच्या बापाचं भातशेत. कुणी कुणाला, किती कमी भावात विकलं, यात त्यांना जायचं नव्हतं. बिल्डिंग झाली, सोसायटी झाली, काका पहिले सेक्रेटरी. डास होतात, पोरं पडतील, म्हणून विहीर बुजवायचं ठरलं. नारळ फोडला आणि राडारोड्याचं पहिलं घमेलं काकांनी हौसेनं स्वतःच्या हातानं टाकलं.

"मला वाटायचं मी शेरीफ आहे," काका म्हणाले. "मी तर गाडीतला."

तेव्हापासून त्यांचा चौथा प्रकार सुरू झाला, शरमलेले. अलीकडच्या काळात तिकडच्या लोकांनाही हे सुचलेलं दिसतं. या पिक्चरांत घोड्यावरच्यांना नावं असतात, घरं असतात, म्हाताऱ्या आया असतात. बराच वेळ नुसतं गवत हलतं. कुणी कुणाला मारलं तर मारणारा रात्रभर जागा राहतो. हे शोधून काढायला काकांनी मुलाला फोन करकरून जेरीस आणलं.

मग डोंबिवलीत सगळीकडे आलं तसं आमच्याही बिल्डिंगला रीडेव्हलपमेंट आलं. भिंतींना ओल, गॅलऱ्यांच्या सळ्या बाहेर, सगळे वाटच पाहत होते. बिल्डर गावठाणातलाच एक तरुण, गळ्यात जाड चेन, बोलायला गोड. लिफ्टवाला टॉवर, प्रत्येकाला एक खोली जास्त, खाली पाहुण्यांच्या गाड्यांनासुद्धा जागा. सगळ्यांच्या सह्या झाल्या. काकांची राहिली. त्यांची सही नसेल तर हात घालणार नाही, असं बिल्डरनंच सांगितलं होतं, त्याला पुढे कोर्टाची कटकट नको होती.

कंपाउंडात मीटिंग भरली. आम्ही भाडेकरू, म्हणून मागे उभे. काका टोपी घालून आले आणि म्हणाले, "नवीन नकाशात हिराबायचा ओटा दाखवा. मग सही."

"कायद्यानं त्या बाईचा काय हक्क आहे काका?" सेक्रेटरींनी विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"म्हणून तर मी अडलोय. हक्क असता तर माझी गरज कशाला होती?"

वाक्य झकास होतं. काका खुशीत घरी आले. दुसऱ्या दिवशी हिराबाय ओट्यावर आली नाही. रस्त्यापलीकडे, केमिस्टच्या पायरीशी टोपली घेऊन बसली आणि वर बघेना. काकांचा चेहरा पडला. मी तेव्हा त्यांच्याच घरात होते. काका म्हणाले, "असं कसं? मी तिच्यासाठीच भांडतोय ना?"

"तिला विचारलंत का, तिला काय हवंय?" काकू म्हणाल्या.

विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत हिराबाय शेकडो वेळा या दारात आली होती, आणि काका तिच्या दारात एकदाही गेले नव्हते. घर मागच्याच गल्लीत. त्या संध्याकाळी ते मला सोबत घेऊन निघाले, त्यांना एकट्यानं जायचा धीर होईना. टोपी घरीच ठेवली.

हिराबायनं आम्हाला पडवीत बसवलं, लाल चहा दिला. मग म्हणाली, "भाऊ, मना वटा नको. माज्यामुलं सगल्यांची घरं अरली, असा बोलतान लोक. मी भाजी कयीं पन इकीन."

"मग काय हवंय?" काकांनी विचारलं.

तिनं रिकाम्या कपबशा उचलल्या. मग म्हणाली, "बाव उघरा."

विहिरीला ती बाव म्हणायची. त्यांच्या गावठाणात कुठल्याही घरात नवी नवरी आली की आधी त्या बावीवर नेऊन पूजा करायची, मग उंबरा ओलांडायचा. तिची आई तशी आली होती. बाव बुजल्यावर आलेल्या सुनांना नळाच्या बादलीची पूजा करायला लावावी लागली, आणि ते तिच्या मनातून कधी गेलं नव्हतं. "बादलीची पूजा करतान काय कोन!" ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं. काका मान खाली घालून बसले होते. मला त्या वेळी त्यांची फार कीव आली आणि फार अभिमानही वाटला.

दुसरी मीटिंग वाईट झाली. विहीर जिथे होती तिथूनच टॉवरच्या पार्किंगचा उतार निघत होता. ती मोकळी ठेवायची तर पाहुण्यांच्या गाड्यांची सगळी जागा जाणार होती. लोक ओरडायला लागले. "एका भाजीवालीसाठी?" "काका, तुमचा पिक्चर झाला, आमची घरं जातील!" या वेळी काकांनी एकही झकास वाक्य टाकलं नाही. एवढंच म्हणाले, "ती विहीर मी बुजवली. मला ती उघडून द्या." आणि खुर्चीवर बसून राहिले.

सगळे बिल्डरकडे पाहायला लागले. तो चेनशी खेळत होता. म्हणाला, "माझी आयस त्याच बावीव आलेली. माझ्या बायकोला बादलीच दाखवली, कारण बाव नव्हती." मग नकाशा गुंडाळला. "मी उतार फिरवतो. पण पार्किंग गेलं म्हणून मग मला कोणी बोलायचं नाय."

त्याला कुणी बोललं नाही. काकांशीही कुणी बोललं नाही, त्या दिवसानंतर. दिवाळीत फराळाची ताटं यायची बंद झाली. जिन्यात भेटले तर लोक मोबाईल काढून बघायला लागायचे. बँकवाले गृहस्थ, रोज संध्याकाळी काकांबरोबर फिरायला जाणारे, ते उलट्या दिशेनं फिरायला लागले. मुलाचा फोन आला, "बाबा, झालं ना तुमच्या मनासारखं? आता इथे या. कशाला तिथे त्या लोकांत?" काका म्हणाले, "गाव वाचवून निघून जाणारे पिक्चरमध्ये असतात. मला इथंच राहायचंय, यांच्या डोळ्यांसमोर."

बिल्डिंग रिकामी झाली. आम्ही कोलशेतला घर घेतलं. बाकीचे बिल्डरच्या भाड्यावर लांब लांब गेले. काका-काकूंनी मात्र हिराबायच्याच घरातली मागची खोली भाड्यानं घेतली. सामानाची खोकी शीळफाट्याच्या गोदामात टाकली, लॅपटॉप तेवढा बरोबर ठेवला. घर देताना हिराबायनं काय विचारलं, असं मी काकूंना विचारलं. "सुकट चालल का, म्हणाली," काकू म्हणाल्या. "यांना कुठे वास येतो! केमिकलनं नाक कधीच गेलंय."

बाव उपसायला सुरुवात झाली तेव्हा मी मुद्दाम गेले होते. यंत्र उभं होतं, ते सुरू होण्याआधी काका पुढे झाले. वाकले, दोन्ही हातांनी राड्याचं एक घमेलं भरलं आणि उचललं. घमेलं जड होतं. कुणीतरी मागून येऊन दुसऱ्या बाजूनं धरलं. ते बँकवाले गृहस्थ होते. घमेलं दोघांनी मिळून टाकलं. पाणी लागायला बरेच दिवस गेले. लागलं ते गढूळ, मग निवळलं.

त्यानंतर काका फार राहिले नाहीत. टॉवरचे मजले चढत होते आणि ते हिराबायच्या मागच्या खोलीत झोपून होते. शेवटच्या दिवशी काकूंचा फोन आला, आम्ही धावत गेलो. धाप लागलेली, ओळख पटत होती की नाही कळत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, गंगा द्या तोंडात. गंगेचा गडू शीळफाट्याच्या गोदामात, कुठल्या खोक्यात कुणाला माहीत. काकू पहिल्यांदाच गोंधळलेल्या दिसल्या. हिराबाय उठली, कळशी घेऊन गेली आणि बावीचं पाणी घेऊन आली. तुळशीचं पान त्यात बुडवून तिनं काकूंच्या हातात दिलं. काकूंनी ते काकांच्या ओठांवर धरलं. ते पाणी त्यांनी गिळलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

अंत्ययात्रेला त्या बिल्डिंगमधलं झाडून सगळं माणूस आलं होतं. त्यांच्या गाड्या लावायला गल्लीत जागा नव्हती.

आता रविवारी दुपारी कोलशेतच्या घरात आम्ही दोघंच पिक्चर लावतो. माझा नवरा एव्हाना खराखुरा शौकीन झालाय. काल धुतलेल्यांपैकी एक होता. दुष्ट मेले, गाव सुटलं, नायकानं घोड्याचा लगाम हातात घेतला. मी उठले आणि गॅसवर आधण ठेवलं.

"अगं, तो चाललाय बघ," नवरा बाहेरून ओरडला.

"जाऊ दे त्याला," मी म्हटलं. "राहिलेला मी पाहिलाय."